फ्लॅट नंबर सांगा

चॅटबॉट दहा ओळींत तयार होतो ही गोष्ट पूर्वी फक्त संगणकवाल्यांना ठाऊक होती. हल्ली ती गृहनिर्माण संस्थांच्या सेक्रेटरींनाही कळली आहे, आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो. सर्वसाधारण सभेत टँकरचा विषय निघतो, पार्किंगचा निघतो, गच्चीच्या गळतीवर नेहमीचे दोघं नेहमीचं बोलून घेतात, आणि मग कुणीतरी उठून सांगतं की तक्रारींची वही वॉचमनच्या केबिनमध्ये असते, वॉचमन पंपावर असतो आणि पेन कुठेच नसतं. तेव्हा तक्रारी मोबाइलवर घ्याव्यात. "आपल्यात आयटीतलं कोण आहे?" असा प्रश्न येतो. प्रत्येक संस्थेत असा एक जण असतोच. त्या क्षणी तो खाली वाकून चपलेचा अंगठा न्याहाळत असतो. "अहो, दहा ओळींचं तर काम आहे," सेक्रेटरी त्याला धीर देतात, "माझा भाचा सांगत होता." ठराव एकमतानं मंजूर होतो. खर्चाची तरतूद शून्य रुपये, मुदत पुढचा रविवार.

या भाच्याला समस्त प्रोग्रामर मनातल्या मनात शिव्या देतात. पण तो खरं बोलत असतो, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. बॉट दहा ओळींतच होतो. त्यानंतर ज्या हजारभर ओळी लिहाव्या लागतात, त्या तुमच्याआमच्यासाठी लागतात. साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं हा प्रकार आपल्याला जमत नाही, आणि ती तूट कोडमध्ये भरून काढावी लागते. (एवढं एक विधान करायला या लेखाला दुसऱ्या परिच्छेदापर्यंत यावं लागलं, लेखकही त्याच मातीतला आहे हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.) विधान जरा कडक आहे, म्हणून पुरावे देतो.

आधी भाच्याची बाजू. टेलिग्रामनं २०१५ च्या जूनमध्ये बॉट करू इच्छिणाऱ्यांना दार उघडून दिलं. तिथे नवा बॉट जन्माला घालायचा तर अर्ज दुसऱ्या एका बॉटकडेच करावा लागतो. त्याचं नाव बॉटफादर. तो दोनच गोष्टी विचारतो: बॉटला हाक काय मारायची, आणि त्याचं युजरनेम काय. युजरनेमच्या शेवटी 'बॉट' असलंच पाहिजे ही एक अट, आणि आपल्याला सुचलेलं प्रत्येक नाव जगात कुणीतरी आधीच अडवून ठेवलेलं असतं हा एक अडथळा. नाव जमलं की तो आकड्या-अक्षरांचं लांबलचक टोकन देतो आणि बजावतो की हे जपून ठेवा, ज्याच्या हाती टोकन त्याचा बॉट. नवशिके ते अगदी जपून ठेवतात, आणि अर्ध्या तासात "एरर येतेय, बघा ना कुणीतरी" म्हणून टोकनसकट स्क्रीनशॉट पंधराशे लोकांच्या ग्रुपवर टाकतात. मग सर्व्हरवर पायथन-टेलिग्राम-बॉट नावाची लायब्ररी बसवायची. जावास्क्रिप्टवाल्यांसाठी टेलिग्राफ आहे, ग्रॅमी आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून, तपासून, फुकट वाटलेला कोड. टेलिग्रामशी बोलणं, आलेला संदेश उलगडणं, तो मजकूर आहे की फोटो की स्टिकर हे ओळखणं, योग्य त्या फंक्शनकडे धाडणं, उत्तर परत पोचवणं, ही सगळी हमाली ती करते. आपण फक्त सांगायचं, असं आलं तर असं कर. तिच्याबरोबर मिळणारा प्रसिद्ध नमुना म्हणजे 'एको बॉट'. समोरचा जे म्हणेल ते जसंच्या तसं परत म्हणणारा. "नमस्कार." "नमस्कार." "काय म्हणता?" "काय म्हणता?" "या ना एकदा घरी." "या ना एकदा घरी." दहा-बारा ओळींत एवढं होतं, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर आपल्या लग्नांत मांडवाच्या दाराशी याहून निराळं संभाषण होत नाही.

यावर जातिवंत प्रोग्रामर हरकत घेईल. माणसांना कशाला बोल लावता, यंत्राच्याच खोड्या काय कमी आहेत? नाहीत, मुळीच कमी नाहीत. बॉटला संदेश दोन रीतींनी मिळतात. एक म्हणजे आपल्या प्रोग्रामनं टेलिग्रामकडे सारखी चौकशी करायची, "काही आलंय का?" याला पोलिंग म्हणतात. दुसरी, आपण पत्ता देऊन ठेवायचा आणि आलेला निरोप टेलिग्रामनं तिथे आणून टाकायचा, हा वेबहुक. दोन्ही एकदम चालत नाहीत. पोलिंगवाला बॉट घरच्या लॅपटॉपवर चालू राहिला आणि तोच सर्व्हरवरही चढवला, तर दोघं एकमेकांचे निरोप पळवायला लागतात आणि ४०९ नंबरची 'कॉन्फ्लिक्ट' नावाची एरर येते. वेबहुकची तऱ्हा वेगळी. निरोप मिळाल्याची पोच सर्व्हरनं दिली नाही तर टेलिग्राम तोच निरोप पुन्हा आणून देतं. तक्रार नोंदवून झाल्यावर आणि पोच देण्याआधी प्रोग्राम कोलमडला, की 'लिफ्ट बंद आहे' ही एकच तक्रार नऊ वेळा नोंदली जाते. (लिफ्टला याचा काही फरक पडत नाही.) लायब्ररीच्या आवृत्त्यांचं तर विचारूच नका. पायथन-टेलिग्राम-बॉटची विसावी आवृत्ती आली, तिनं सगळा कारभार 'असिंक' केला, 'डिस्पॅचर' नावाच्या जुन्याजाणत्या कारभाऱ्याला घरी बसवलं, आणि इंटरनेटवरचे असंख्य धडे बघता बघता इतिहासजमा झाले. नव्या कारभारात उत्तर पाठवण्याच्या ओळीआधी 'अवेट' लिहावं लागतं. ते विसरलं तर प्रोग्राम थांबत नाही, ओरडत नाही. कोपऱ्यात एक सूचना पुटपुटतो, आणि उत्तर कधीच जात नाही.

मराठीची परीक्षा त्याहून कडक. ठळक-तिरपी अक्षरं करण्यासाठी टेलिग्रामची 'मार्कडाउन व्ही-टू' म्हणून जी पद्धत आहे, तिच्यात १८ चिन्हं राखीव आहेत: पूर्णविराम, उद्गारचिन्ह, आडवी रेघ, सगळ्या जातीचे कंस वगैरे. यातलं कुठलंही चिन्ह साध्या अर्थानं वापरायचं तर आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. नाही दिली तर अख्खा संदेश परत. आता संस्थेची कुठलीही नोटीस घ्या. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, थकबाकी रु. २,५००/- (अक्षरी रुपये दोन हजार पाचशे फक्त) तातडीने भरावी!!!' पूर्णविराम आहे, आडवी रेघ आहे, कंस आहेत, उद्गारचिन्हं तर सेक्रेटरींनी सढळ हातानं दिली आहेत. एका वाक्यात सात गुन्हे. बटणाच्या पोटात जो मजकूर दडवता येतो त्याला ६४ बाइट्सची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-वेलांटी-अनुस्वार वेगवेगळे धरून, तीन तीन बाइट्स खातं. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' एवढं त्यात कोंबायला गेलं तर 'संस्था' पुरं व्हायच्या आतच जागा संपते. पायथनमध्ये मजकुरातली अक्षरं वेचण्याची जी सर्रास वापरातली खूण आहे, तिला आपल्या काना-वेलांट्या अक्षरं वाटतच नाहीत. 'किती' लिहिलं तर तिच्या हाती 'क' आणि 'त' लागतात. तिरक्या रेघेनं सुरू होणाऱ्या आज्ञा तर फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर यांतच चालतात. तक्रार मराठीत करता येते, 'तक्रार' ही आज्ञा रोमनमध्येच.

पण या सगळ्या खोड्यांचा एक मोठा गुण आहे. त्या कुठे ना कुठे लिहून ठेवलेल्या आहेत. एकदा ठेच लागली, एरर वाचली, माहितीपत्रक उघडलं, दोन ओळी वाढवल्या, मिटलं. ४०९ चा अर्थ आज एक आणि उद्या दुसरा असा होत नाही. ४०९ रुसत नाही. 'मला काय म्हणायचंय ते तुम्ही समजून घ्यायला हवं होतं' असं ४०९ कधी म्हणत नाही. यंत्राच्या खात्यावर सढळ हातानं ओळी टाकल्या तरी दहाच्या शंभर होतील. उरलेल्या नऊशेंचा हिशेब द्यायचा तो आपण.

त्या नऊशे ओळी 'फ्लॅट नंबर सांगा' या प्रश्नापासून सुरू होतात. लायब्ररीत संभाषण पायरी पायरीनं नेण्याची सोय असते. पहिल्या पायरीला फ्लॅट नंबर, दुसरीला तक्रारीचा प्रकार, तिसरीला तपशील, शेवटी खात्री. कागदावर हे फार सुबक दिसतं. लिहिणारा गृहीत धरतो की उत्तर 'बी ३०२' असं येणार. फार तर कुणी मध्ये रेघ देईल, कुणी देणार नाही. प्रत्यक्षात उत्तर येतं, "आमचाच." किंवा, "अहो, तुम्हाला माहीत आहे की." किंवा, "कुलकर्ण्यांच्या वरचा." कुठल्या कुलकर्ण्यांच्या, हे बॉटला विचारता येत नाही, कारण त्याला कुलकर्णी शिकवलेले नसतात, आणि शिकवले असते तरी इमारतीत तीन आहेत. कुणी "बिल्डिंगला प्लास्टर नव्हतं तेव्हापासून आम्ही इथे राहतोय" असा सातबारा उघडतं. कुणी नंबराच्या जागी ओल आलेल्या भिंतीचा फोटो पाठवतं, कारण भिंत बघितली की कळेलच. कुणी तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतं. त्यात पहिलं मिनिट 'हॅलो, हॅलो, जातंय का रे हे' यात, दुसरं कुकरच्या शिट्ट्यांत, तिसरं मागच्या कमिटीच्या कारभारात; फ्लॅट नंबर कुठेच नाही. आणि प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा एक सभासद प्रत्येक विंगमध्ये असतो. "तुम्ही कोण बोलताय?" बॉट सांगतो, मी संस्थेचा तक्रार सहायक. "ते कळलं हो. पण कुणाचे तुम्ही?"

दुसऱ्या पायरीवर गंमत वेगळी. तक्रारीचा प्रकार विचारला तर आपल्याकडे कुणाची तक्रारच नसते. "तक्रार अशी नाही, पण सांगून ठेवावं म्हटलं." "आपल्याला काय, दोन दिवस निघतील, पण लहान मुलांचं बघा." "तेच परवाचं." हे परवाचं म्हणजे काय ते परवा सेक्रेटरींना जिन्यात सांगून झालेलं असतं, आणि एकदा जिन्यात सांगितलेली गोष्ट संस्थेच्या सर्व यंत्रणांना आपोआप कळते अशी सभासदांची श्रद्धा असते. पाणी, लिफ्ट, पार्किंग, इतर असे चार प्रकार ठेवले तर 'इतर' मध्ये सगळी इमारत राहायला येते. पाणी गळतंय हे पाण्यात जात नाही, कारण गळतंय ते वरच्यांच्या मोरीतून, आणि खरी तक्रार पाण्याविषयी नसते, वरच्यांविषयी असते. आता 'वरचे' असा प्रकार ठेवावा, तर शेवटच्या मजल्यावरच्यांवर अन्याय.

शेवटच्या पायरीवर मात्र खरी कत्तल होते. 'तक्रार नोंदवू का? हो किंवा नाही लिहा.' संगणकाचा सगळा डोलारा शून्य आणि एक या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि आपण आयुष्यभर पाऊण आणि सव्वा यांच्या मध्ये बोलत आलो. प्रोग्रामर होकाराची यादी करतो: हो, होय, व्हय, हं, ओके, चालेल, करा, करून टाका, उभा अंगठा. यादी पुरी करून निवांत झोपायला जातो. सकाळी उत्तर आलेलं असतं, "काही हरकत नाही." त्यात 'नाही' सापडल्यामुळे बॉटनं तक्रार रद्द करून टाकलेली असते. म्हणून मग 'नाही' बघण्याआधी 'हरकत' आहे का ते बघणारी ओळ वाढते. त्यावर पुढचं उत्तर येतं: "माझी हरकत आहे असं नाही, तुम्ही म्हणत असाल तर नोंदवा, नाहीतर राहू दे." एवढ्या वाक्याला पुरून उरेल असा कोड अजून कुणी लिहिलेला नाही. मग 'हो, बघू' असतं. त्यात 'हो' ठसठशीत असतो आणि अर्थ नकाराचा असतो, हे सायकल मागणाऱ्या मराठी पोराला चौथीत कळतं, सर्व्हरला कळत नाही. 'हो ना' हा कधी होकार असतो, कधी सहानुभूती, कधी टोमणा. शिवाय रोमन लिपीतून मराठी लिहिणारे आहेतच. ते 'नाही'चं स्पेलिंग रोजच्या मूडप्रमाणे करतात. कुणी म्हणेल, यात भाषेचा दोष आहे. भाषा बिचारी 'हो' आणि 'नाही' असे दोन स्वच्छ शब्द देऊन बसली आहे. होकार दिल्याचा चांगुलपणा मिळावा आणि नकाराचा वाईटपणा दुसऱ्यानं घ्यावा, ही सोय आपण लावली.

आणि यात सगळे इरसालच असतात असं नाही. इरसाल परवडतात, शिव्यांची यादी करून ठेवता येते. बॉटला खरा धोका सज्जनांकडून असतो. टेलिग्राममध्ये पाठवलेला संदेश दुरुस्त करता येतो. कुणी चुकून 'बी ३०२' लिहिलं आणि लक्षात आल्यावर त्याचं 'बी २०३' केलं, तर लायब्ररीकडे ते साध्या संदेशाच्या कप्प्यात येत नाही, दुरुस्त संदेशाच्या निराळ्या कप्प्यात येतं. नवशिक्याचा कोड साध्या कप्प्यात हात घालतो, तिथे काहीच नसतं, आणि बॉट तेवढ्यापुरता मुका होतो. म्हणजे स्वतःची चूक आपणहून सुधारणारा इमारतीत एकच माणूस, आणि बॉट नेमका त्याच्याशी बोलत नाही. दुसरे सज्जन तक्रार नोंदवून झाल्यावर न चुकता 'धन्यवाद' म्हणतात. 'धन्यवाद' बॉटला कुणी शिकवलेलं नसतं. तो म्हणतो, "क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया फ्लॅट नंबर सांगा." सज्जन ओशाळतात. आपलंच काही राहिलं असेल म्हणून पुन्हा नंबर देतात, पुन्हा लिफ्ट, पुन्हा तपशील, पुन्हा हो. तक्रार दुसऱ्यांदा नोंदली जाते. "धन्यवाद," ते म्हणतात.

यावर एक शहाणा तोडगा नेहमी सुचवला जातो: लोकांना लिहू देऊच नका, बटणं द्या. तोडगा चांगला आहे, आणि आपल्याला तो जमत होता याला पुरावाही आहे. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात टेलिग्राम नावाचं ॲप आलं. योगायोगच, पण बघण्यासारखा. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून एरवी तीन पानी पत्र लिहिणारी माणसं चार शब्दांत मुलगा झाल्याचं कळवत. दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश अशा शुभेच्छांना तर क्रमांकच ठरलेले होते; खिडकीवर क्रमांक लिहून दिला की पलीकडे अख्खं वाक्य पोचायचं. बटणांची यादी यापेक्षा वेगळी काय असते? लोक ती निमूट वापरत, कारण न वापरावी तर खिशातून जात होते. टेलिग्रामच्या एका संदेशात ४,०९६ अक्षरं फुकट मावतात, आणि फुकट मिळालेली जागा मोकळी सोडणं हे आपल्या संस्कारांत बसत नाही. त्यामुळे बटणावर 'लिफ्ट' असं लिहिलेलं असतं, आणि बटणाच्या खाली माणूस टाइप करतो, 'लिफ्ट'. ज्यांना बटण दाबणं पटतं ते एकदा दाबून थांबत नाहीत. दाबलं गेलं की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा. उत्तर यायला क्षणभर उशीर झाला म्हणून रागानं आणखी तीनदा. लिफ्टच्या बटणावर केलेला इतक्या वर्षांचा सराव वाया जात नाही, आणि प्रत्येक दाबणं बॉटपर्यंत इमानेइतबारे पोचतं. ते गाळायला पुन्हा ओळी.

"पण टेलिग्राम बघतं कोण? सगळे व्हॉट्सॲपवर आहेत," ही हरकत सभेत मागच्या रांगेतून येते. खरं आहे. मुंबई महापालिकेनं २०२२ मध्ये आपला चॅटबॉट व्हॉट्सॲपवरच सुरू केला. पुणे मेट्रोचं तिकीटही तिथे काढता येतं. मात्र कंपन्या-संस्थांना व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये जी वाट करून दिली, तिच्यावर फाटकं फार. सभासदाचा शेवटचा संदेश आल्यापासून २४ तासच संस्थेला मनमोकळं बोलता येतं. त्यानंतर बोलायचं तर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवायचा. उत्तराची बटणं तीन, एका बटणावर अक्षरं वीस. म्हणजे टँकरची नोटीस काढण्याआधी तिचा मजकूर परदेशी कंपनीकडून संमत करून आणायचा. हे ऐकल्यावर मागची रांगही शांत होते, कारण तो मजकूर कमिटीतच अजून संमत झालेला नसतो.

हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेली हरकत एआयची. हे पायऱ्यांचे जुनाट बॉट सोडा, मागे एआय लावा, त्याला 'हो, बघू' सुद्धा कळतं. कळतं, बऱ्यापैकी कळतं. पण बॉटला कळल्यानं आपण मुद्द्याचं बोलू लागू, ही आशा साठ वर्षं जुनी आहे आणि तितकीच वर्षं फसत आली आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम जगापुढे ठेवला. त्याला काही म्हणजे काही कळत नसे; तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला प्रश्न म्हणून परत करायचा, एवढीच त्याची विद्या. हा प्रोग्राम बनताना महिनोन्महिने डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलल्या आणि वायझेनबाउम यांना म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जाता का? ऐकणारा मिळाला की माणूस मोकळा होतो. पलीकडून उत्तर मिळतंय का हे तो बघत नाही. अशा माणसाला आपण समजूतदार एआय जोडून दिला, तर वरच्यांची मोरी, वरच्यांची सून आणि वरच्यांचा कुत्रा एवढं सगळं नोंदलं जाईल, आणि फ्लॅट नंबर तेवढा राहील.

शिवाय एआयला आपलं बोलणं शिकवायचं म्हणजे आपले गुणही शिकवणं आलं. त्यातला पहिला गुण, माहीत नसलं तरी ठामपणे सांगायचं. "लिफ्ट कधी सुरू होईल?" असं विचारलं तर पायऱ्यांचा बॉट फ्लॅट नंबर विचारतो, एआयवाला म्हणेल, "उद्या दुपारी चारपर्यंत." एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बॉटनं असंच केलं. ज्याच्या घरचं माणूस गेलं होतं अशा एका प्रवाशाला त्यानं तिकिटातल्या सवलतीविषयी चुकीचं सांगितलं. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढे गेलं, तेव्हा कंपनीच्या बचावाचा रोख असा होता की बॉट ही जणू स्वतंत्र असामी आहे आणि ती स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. लवादानं २०२४ च्या फेब्रुवारीत हे म्हणणं फेटाळलं आणि भरपाई द्यायला लावली. कॅनडात पहिल्याच खेपेला आपटलेला हा युक्तिवाद आपल्याकडे चालू कमिट्या मागच्या कमिट्यांबद्दल वर्षानुवर्षं यशस्वीपणे करत आल्या आहेत.

राहता राहिली वॉचमनच्या वहीची बाजू. एवढा उपद्व्याप असेल तर वही काय वाईट? वही वाईट नाही, वही मुकी आहे. तिच्यातही फ्लॅट नंबरच्या रकान्यात लोक 'वरीलप्रमाणे' लिहितातच, पहिल्या ओळीवर सुद्धा. पण ती उलट विचारत नाही, म्हणून ते चव्हाट्यावर येत नाही. बॉट विचारतो. रात्री दोनला, शंभराव्यांदा, आवाज न चढवता विचारतो. त्याच्या अंगी आणखी दोन गुण आहेत, ज्यांची कमिटीला आधी कल्पना नसते. एक, ग्रुपमध्ये घेतला तर मुळातल्या ठेवणीप्रमाणे त्याला उद्देशून आलेल्या आज्ञा आणि उत्तरंच त्याच्यापर्यंत पोचतात. बाकी दिवसभर चाललेलं त्याला ऐकूच येत नाही. असा सभासद प्रत्येक संस्थेला हवा असतो. दुसरा गुण थकबाकीचा. बॉटला कुणाशी आपणहून बोलायला सुरुवात करता येत नाही. समोरच्यानं आधी 'स्टार्ट' दाबावं लागतं. थकबाकीदार सोडून सगळे दाबतात. एखाद्यानं चुकून दाबलंच, तर पहिल्या आठवणीनंतर तो बॉटला ब्लॉक करतो, आणि पुढच्या आठवणीला सर्व्हरवर ४०३ ची एरर येते: या युजरनं बॉटला ब्लॉक केलं आहे. न दाबणारे अधिक ब्लॉक करणारे, अशी बेरीज केली की हाती येते तितकी अचूक यादी कुठल्याही खजिनदाराला आजवर करता आलेली नाही.

तेव्हा बॉट येणार, आणि यावाच. आपल्या वागण्यासाठी लिहिलेल्या त्या नऊशे ओळी काही सरकार भरून देणार नाही, पण त्यातल्या चारपाचशे आपण वाचवू शकतो. तुमच्याकडे तो आला आणि त्यानं फ्लॅट नंबर विचारला, तर नंबर तेवढा लिहा. आधी विंग, मग आकडा. कुलकर्ण्यांना मध्ये आणू नका. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. आणि 'तक्रार नोंदली' असं उत्तर आलं की तिथेच थांबा. धन्यवाद म्हणू नका.